आरटीओएस आपोआप रीसेट होतेय? प्रायॉरिटी इन्व्हर्जन तपासा

रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आरटीओएस, अधूनमधून आपोआप रीसेट व्हायला लागली की पहिला संशय हार्डवेअरवर जातो. पण म्युटेक्सकडेही बघा.

४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर असंच रीसेट होत होतं. त्यावर व्हीएक्सवर्क्स चालायची. हवामानाचा डेटा घेणाऱ्या खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कने म्युटेक्स धरला, आणि मधल्या प्रायॉरिटीच्या टास्क तिला सीपीयूच मिळू देईनात. त्याच म्युटेक्ससाठी अडकलेलं, वरच्या प्रायॉरिटीचं डेटा-बसचं काम मग वेळेत संपायचं नाही आणि यान रीसेट व्हायचं. इंजिनिअर्सनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर ट्रेस चालू ठेवून हे पकडलं. उपाय एवढाच की इथूनच सेटिंग पाठवून प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केलं. म्हणजे म्युटेक्स धरणाऱ्या टास्कला तेवढ्यापुरती थांबलेल्या टास्कची प्रायॉरिटी मिळते.

व्हीएक्सवर्क्समध्ये म्युटेक्स बनवताना त्यासाठी 'सेम इन्व्हर्जन सेफ' फ्लॅग आपण द्यायचा असतो. क्यूएनएक्समध्ये ही सोय मुळातच चालू असते, जे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला ती आहे, बायनरी सेमाफोरला नाही. दोन्ही घ्यायची-सोडायची फंक्शन्स तीच, त्यामुळे कोड वाचताना फरक लक्षात येत नाही. कुठल्या फंक्शनने बनवलंय ते शोधा.