गुरुजींची विज्ञानपुस्तके

मराठी मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके कोणी लिहिली, असे विचारले की आपल्याला साहजिकच नामवंत शास्त्रज्ञ आठवतात. एकोणिसाव्या शतकात मात्र हे काम बऱ्याच अंशी शाळाखात्यातल्या माणसांनी केले. त्यांतले एक ठळक नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे.

दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. १८७४ मध्ये ते मॅट्रिक झाले. पदवी काही त्यांनी घेतली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदलीच्या गावी शिकवता शिकवता त्यांनी लिहिले. १८८२ मध्ये 'सृष्टचमत्कार' आणि पुढे दहा वर्षांनी 'ज्योतिर्विलास' ही पुस्तके आली. 'ज्योतिर्विलास'चे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे, साधारण शाळेचा एक तास! खगोलशास्त्राची ओळख करून देताना या शिक्षकाने 'मौज' हा शब्द निवडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हेच दीक्षित शिलालेखांतील तिथी-वारांचे गणित करून फ्लीटसारख्या विद्वानाला साह्य करीत होते. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजही अभ्यासक तो उघडतात. सोपे लिहिणे हे कमी अभ्यासाचे काम, हा समज त्यांच्या उदाहरणाने खोटा ठरतो. त्याच काळात, १८८१ मध्ये, शिक्षणखात्यात काम केलेले विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक सुरू केले आणि चरित्र, कविता यांच्या बरोबरीने शास्त्रीय विषयालाही त्यात जागा दिली.

ही पुस्तके बहुतेक मुंबई-पुण्याकडे छापली जात. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, पण मुंबई इलाख्यात नव्हता. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या मुलाला पुस्तकात दूरचा प्रदेश आणि दूरची भाषा भेटे. भरती-ओहोटी त्याने पाठ करायची. समुद्र मात्र पाहिलेला नाही.

याचा परिणाम किती होतो? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी या प्रश्नाच्या भाषेच्या बाजूचा अभ्यास केला व तो १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील आशय तोच ठेवून फक्त भाषा सोपी केली, तेव्हा मुलांची प्रगती सुधारली. म्हणजे 'मुलाला विज्ञान जमत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा त्याला आपले वाक्यच कळलेले नसते.

भाषेइतकेच उदाहरणही महत्त्वाचे. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर हा खारपाणपट्टा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी विहिरीचे पाणी खारट का? पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे. चिकण काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो आणि वर्षभरातले बाष्पीभवन पावसाहून अधिक. त्यामुळे खडक झिजून सुटलेले क्षार वाहून न जाता साचत राहतात. एवढ्या एका प्रश्नात रसायन, भूगोल आणि शेती तिन्ही आले.

प्रयोगही सोपा आहे. दोन सारख्या ताटल्या घ्या. एकीत अर्धी वाटी पावसाचे साठवलेले पाणी, दुसरीत तेवढेच विहिरीचे पाणी घालून दोन्ही उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर राहिलेला पांढरा थर मुलांनाच पाहू द्या. चव मात्र घेऊ देऊ नका. मग वर्गात जे प्रश्न निघतील ते मुलांच्याच शब्दांत, वऱ्हाडीत असतील तर वऱ्हाडीत, वहीत उतरवून ठेवा. अशा दहा-वीस प्रश्नांची वही जमली की वऱ्हाडातल्या मुलांसाठी पुस्तकाचा कच्चा खर्डा हाताशी येईल. तो लिहायला दीक्षितांप्रमाणे वर्गात रोज उभा राहणारा माणूसच लागेल.