गोलंदाज अमरसिंग

आमच्याकडे क्रिकेटचा इतिहास बहुधा फलंदाजांच्या पराक्रमावरून सांगितला जातो. नायडूचे षटकार, मर्चंटची सफाई, हजारेची चिकाटी यांवर घरोघर वाद रंगले. परंतु दिवसभर उन्हात धावून ज्यांनी चेंडू टाकले त्यांच्या वाट्यास तक्त्यातील एखादी ओळ तेवढी आली. अमरसिंग लधा याची ओळ तर फारच आखूड आहे: कसोटी सामने ७, बळी २८, प्रत्येक बळीमागे धावा सुमारे ३०. एवढेच वाचून कोणी तरुणाने ‘यात थोर ते काय?’ असे विचारले, तर त्यास दोष देता येणार नाही. त्याने ७ या आकड्यापाशी क्षणभर थांबावे, इतकेच आमचे मागणे आहे.

१९३२ साली हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला. तेव्हापासून १९३९ मध्ये महायुद्ध पेटेपर्यंत आपल्या वाट्यास असे सामने आले एकंदर सातच: १९३२ चा एक, १९३३–३४ च्या हिवाळ्यातील तीन आणि १९३६ चे तीन. या सातांपैकी एकही अमरसिंगाने चुकविला नाही. त्याच्या देशाला जेवढे खेळावयास मिळाले तेवढे सर्व तो खेळला. मग ज्या गोलंदाजास सात वर्षांत सातच सामने मिळतात, त्याची कारकीर्द शोधावयाची तरी कोठे?

तो राजकोटचा, जन्म १९१० च्या डिसेंबरातला. वडील बंधू रामजी हाही जलद गोलंदाज होता व १९३३ साली मुंबईच्या जिमखाना मैदानावरील कसोटीत तो खेळला. अमरसिंगाचे नाव मात्र त्याआधीच झाले होते. १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवर आपला संघ उतरला, तेव्हा अवघ्या दहा दिवसांपूर्वी पहिल्या जोडीस ५५५ धावांची भागी करून विक्रम करणारे होम्स आणि सटक्लिफ हे दोघे आघाडीस आले होते. इंग्लंडचे पहिले तीन गडी १९ धावांत परतले! त्यांतील पहिले दोन निसारचे होते, हे खरे. पण दुसऱ्या टोकाकडून अमरसिंग होता, हे विसरून चालणार नाही. सामना आपण हरलो. दुसऱ्या डावात तळाशी येऊन त्याने ५१ धावा केल्या. हिंदुस्थानतर्फे कसोटीत झालेले पहिले अर्धशतक ते हेच. त्या दौऱ्यात प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्याने शंभरावर बळी घेतले.

त्याची विद्या कोणती? चेंडूची शिवण किंचित तिरकी धरून टाकली, की शिवणीच्या बाजूची हवा गढूळ होते आणि चेंडूच्या पृष्ठास अधिक वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या असमतोलामुळे चेंडू शिवणीच्या रोखाकडे ढकलला जातो. याचेच नाव ‘स्विंग’. म्हणून गोलंदाज एका बाजूची लकाकी जपत बसतो. चेंडू एकाच बाजूस वळविणारे पुष्कळ असतात. अमरसिंग तो दोन्हीकडे वळवी आणि जमिनीवर पडल्यावरही त्यास वेगळी दिशा देई. ही कला फलंदाजास पुरती समजते. प्रेक्षकास मात्र चुकलेली बॅट आणि पडलेली यष्टी एवढेच दिसते. कदाचित म्हणूनच गोलंदाजाच्या आठवणी कमी उरतात.

१९३५ साली तो लँकेशायर लीगमध्ये कोल्न या गावच्या क्लबाचा व्यावसायिक खेळाडू झाला. कोल्न हे सूतगिरण्यांचे गाव. शेजारचे नेल्सनही तसलेच, आणि तेथे १९२९ पासून वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईन होता. या लीगमध्ये प्रत्येक क्लबाने एकच पगारी खेळाडू ठेवावा, बाकीचे गावातले हौशी, असा रिवाज होता. गिरणी सुटली की शनिवारी दुपारी सारे गाव मैदानावर लोटे. पगारी मनुष्याने एका टोकाकडून जवळजवळ अखंड गोलंदाजी करावी, धावाही काढाव्यात, अशी अपेक्षा असे. आणि त्याने मोठी कामगिरी केली, की प्रेक्षकांत टोपी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करीत. विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ याच लँकेशायरास लागली होती, आणि तेथील गिरणीकामगारांस भेटावयास गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात गेले होते. तेथेच चार वर्षांनी काठेवाडचा एक तरुण दर शनिवारी मजुरी करून दाद मिळवितो, ही गोष्ट आमच्या इतिहासग्रंथांत असावयास हवी होती.

मजुरी हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. त्या काळी इंग्लंडात हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमन’, पगारी म्हणजे ‘प्लेअर’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्याही वेगळ्या. हा भेद रद्द करण्याचा निर्णय झाला तो १९६२ साली. आमच्याकडेही गोलंदाजी हे चाकरीचे काम समजले जाई. पुण्यात जिमखान्यावर पगारावर राहून साहेबांस सरावासाठी चेंडू टाकणाऱ्या पाळवणकर बाळूस काय सोसावे लागले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

१९३६ चा दौरा तर या व्यवस्थेचे व्यंगचित्रच होय. संघाचा कर्णधार विजयानगरमचा महाराजकुमार. अमरनाथास पहिल्या कसोटीपूर्वीच शिक्षा म्हणून परत धाडलेले. आणि देशाचा अव्वल गोलंदाज संघात नाहीच, कारण तो कोल्नशी करारबद्ध! इंग्रज क्लबाने सोडले म्हणून तो कसोटीपुरता आला. लॉर्ड्‌सवर आपल्या १४७ धावा झाल्या होत्या. अमरसिंगाने ३५ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडास १३४ वर गुंडाळले. आघाडी तेरा धावांची का होईना, पण ती होती. दुसऱ्या डावात आपण ९३ धावांत कोसळलो आणि तिचे काहीच उरले नाही. गोलंदाजाने उभे करावे व फलंदाजांनी मोडावे, हा प्रकार पुढेही आपल्या परिचयाचा झाला.

प्रथम दर्जाच्या ९२ सामन्यांत त्याचे ५०० हून अधिक बळी आहेत, आणि प्रत्येकामागे धावा सुमारे १८. आम्ही त्याचे मोजमाप या आकड्यावरून व कोल्नच्या शनिवारांवरून करू; सात कसोट्यांवरून नव्हे. कोणी म्हणेल, लीगचे हौशी फलंदाज म्हणजे काही हॅमंड नव्हेत. खरे आहे. पण १९३४ साली मद्रासच्या चेपॉकवर ८६ धावांत ज्याने ७ बळी घेतले त्याच्यापुढे इंग्लंडचा कसोटी संघ होता, आणि तोही हाच अमरसिंग.

१९३६–३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्या संघात अमरसिंग होता आणि विनू मांकड नावाचा विशीच्या आतला मुलगाही होता. पुढल्या हिवाळ्यात लॉर्ड टेनिसनच्या संघाशी पाच सामने झाले, तेही अमरसिंगाने गाजविले. मात्र त्यांस कसोटीचा दर्जा नव्हता, म्हणून ते त्या ओळीत येत नाहीत. मग युद्ध आले. १९४० च्या मे महिन्यात जामनगर येथे आजाराने त्याचे देहावसान झाले. वय २९ वर्षांचे. सात कसोट्यांपैकी पाच हरलेल्या, दोन अनिर्णित. जिंकलेली एकही त्याने पाहिली नाही.

हिंदुस्थानला पहिला कसोटी विजय मिळाला तो १९५२ च्या फेब्रुवारीत, त्याच चेपॉकवर. त्या सामन्यात मांकडने १२ बळी घेतले.