कारण : गांजा

गजानन महाराजांची चिलीम ओढतानाची तसबीर वऱ्हाडात घरोघरी दिसते. महाराज शेगावी प्रकटले १८७८ साली, समाधी १९१०. काशीच्या एका गोसाव्याचा गांजाचा नवस होता, तो फेडायला त्यांनी चिलीम घेतली, असं दासगणूंच्या पोथीत आहे. त्याच काळात इंग्रज सरकारला प्रश्न पडला होता, की गांजाने माणूस वेडा होतो का?

हा प्रश्न निघाला थेट ब्रिटिश पार्लमेंटात. मग १८९३ मध्ये सात जणांचा आयोग नेमला गेला. त्याने देशभरातल्या ११९३ साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. अमरावती-अकोला तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कारभाराखाली, म्हणून वऱ्हाडच्या साक्षी वेगळ्या, मुंबई-सिंधच्या सोबतीने सातव्या खंडात आहेत.

मला त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा-भांग-चरस लिहिलेलं होतं. आयोगाने एकेक प्रकरण उकरून काढलं. तेव्हा कळलं की कारणाचा रकाना बऱ्याचदा डॉक्टर भरतच नव्हते. रुग्णाबरोबर पोलिसांकडून कागद यायचा, त्यातलं कारण वहीत उतरायचं. माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की पुढची चौकशी संपली! छाननीत २२२ पैकी ९८ उरले, आणि निव्वळ या नशेचेच म्हणावेत असे ६१. अतिरेकाने अपाय होतो हेही आयोगाने लिहिलं. गांजाला निर्दोष ठरवलं नाही. पण इतकी वर्षं 'गांजाने वेड' म्हणून जे आकडे फिरत होते ते त्या रकान्यातून आलेले होते.

असो. आता एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए. जर्मनीच्या मर्क कंपनीत १९१२ साली तयार झालेलं हे द्रव्य १९८५ मध्ये अमेरिकेत बंद झालं. त्याच वर्षी आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला आणि गांजाही बेकायदा झाला. (भांगेची पानं मात्र सुटली.) २००२ च्या सप्टेंबरात 'सायन्स' मासिकात निबंध आला, की एका रात्रीच्या डोसाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जळाल्या. जगभर मथळे झाले. वर्षभरात निबंध मागे घ्यावा लागला, कारण बाटल्यांवरची लेबलं चुकली होती आणि जवळजवळ सगळ्या माकडांना एमडीएमए नव्हे, मेथॅम्फेटामिन टोचलं गेलं होतं.

स्मरणशक्तीचंही असंच. खूप गोळ्या घेणाऱ्यांना ऐकलेले शब्द कमी आठवतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं. पण तीच माणसं गांजा ओढतात, दारू पितात, रात्र-रात्र जागतात. मग दोष कुणाचा? २०११ मध्ये हॅल्पर्न यांनी इतर नशा फारशी न करणारे निवडून तपासले, तेव्हा फरक बराच आटला. याचा अर्थ गोळी सुरक्षित असा अजिबात नाही. शरीराचं तापमान भलतंच चढतं, गर्दीत नाचताना आणखी चढतं, आणि भीतीपोटी पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज येते. याने धडधाकट तरुण पोरं मेली आहेत.

आणि आपल्या पेपरांत रोज 'एमडी जप्त' अशी बातमी असते. ते एमडी म्हणजे एक्स्टसी, असं भलेभले समजतात. ते असतं मेफेड्रोन, २०१५ मध्ये कायद्याच्या यादीत आलेलं, निराळंच द्रव्य. तापाने फणफणलेला पोरगा रात्री दवाखान्यात आणला आणि मित्र म्हणाला "एमडी घेतली", तर डॉक्टरने काय समजायचं? लघवीच्या नेहमीच्या झटपट तपासणीत मेफेड्रोन बहुधा सापडत नाही. म्हणजे कारणाचा रकाना पुन्हा सोबत आलेल्याच्या सांगण्यावरूनच भरायचा.