परक्या धनाची राखण : हैदराबाद आणि फ्रँकलिन टेम्पलटन

हैदराबादच्या पश्चिमेस, गचिबावलीला लागून असलेल्या नानकरामगुड्याच्या फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या अमेरिकी निधी-व्यवस्थापन संस्थेचे सेवा केंद्र आहे. निधी-व्यवस्थापन संस्था म्हणजे अनेकांची बचत एकत्र करून ती समभागांत व कर्जरोख्यांत गुंतवणारी आणि त्या कामाबद्दल ठरावीक शुल्क घेणारी संस्था होय. गुंतवणुकीतला नफा आणि तोटा दोन्ही बचत करणाऱ्याचेच असतात, कारण धन त्याच्या मालकीचे असते आणि संस्थेकडे केवळ त्याचा कारभार असतो. मालकी व कारभार यांच्यातील या भेदावर हा संपूर्ण व्यवसाय उभा आहे, आणि तो भेद नसताना काय घडते याचे एक ठळक उदाहरण हैदराबादच्याच इतिहासात दोन शतकांपूर्वी नोंदले गेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्याचा खर्च शहरातील कारवान व बेगम बाजार येथील सावकारांच्या कर्जावर चालत असे. या सावकारांच्या बरोबरीने विल्यम पामर याने रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीच्या, आश्रयाने विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी उभी केली. युरोपीयांनी देशी राजांना कर्ज देऊ नये असा ब्रिटिश संसदेचा कायदा असतानाही १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने या पेढीला त्यातून सूट दिली. पेढी ठेवीदारांकडून व्याजाने पैसा घेई आणि राज्याचा कारभार पाहणाऱ्या चंदूलालच्या सरकारला तो त्याहून चढ्या दराने देई; वऱ्हाड व औरंगाबाद येथील फौजेचा पगारही या कर्जातून भागवला जाई आणि त्या बदल्यात मुलखाचा वसूल पेढीकडे लावून दिला जाई. आज महाराष्ट्रात असलेल्या जिल्ह्यांतील रयतेचा सारा अशा रीतीने एका खासगी पेढीच्या खतावणीत जमा होत गेला. १८२० मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले, तेव्हा नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने त्याची चौकशी मांडली. अखेर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने निजामाचे देणे चुकते केले आणि १८२४ च्या सुमारास पेढी बुडाली. ठेवीदारांचा पैसा आणि पेढीचा पैसा वेगळा राखण्याचा कोणताही नियम नव्हता, हिशेब तपासणारा त्रयस्थ नव्हता आणि ठेवीदाराला विचारण्याची पद्धतही नव्हती. त्यामुळे कर्ज थकताच सर्वांचे धन एकदमच अडकले.

पुढे राज्याच्या पैशाला संस्थात्मक रूप येण्यास शतकाहून अधिक काळ लागला. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि उस्मानिया शिक्क्याचा, म्हणजे संस्थानच्या स्वतंत्र चलनाचा, कारभार तिच्याकडे आला. ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यातील अनेक पिढ्यांचा बँकेशी पहिला परिचय याच बँकेमार्फत झाला. परंतु ठेव आणि गुंतवणूक यांतील फरक सामान्य बचतदारापर्यंत पोहोचण्यास म्युच्युअल फंडांचा प्रसार व्हावा लागला.

फ्रँकलिन टेम्पलटन ही अशाच फंडांची संस्था असून तिच्यातील फ्रँकलिनचा आरंभ १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. शेअर दलाल रूपर्ट जॉन्सन यांनी ही संस्था सुरू केली आणि काटकसरीचा पुरस्कार करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव तिला दिले. १९५७ मध्ये त्यांचे पुत्र चार्ल्स जॉन्सन यांनी सूत्रे घेतली, आणि १९७३ मध्ये संस्था कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथे गेली. जॉन टेम्पलटन यांचा मार्ग वेगळा होता: १९५४ मध्ये त्यांनी सुरू केलेला टेम्पलटन ग्रोथ फंड अमेरिकेबाहेरच्या बाजारांतही गुंतवणूक करीत असे, आणि त्या काळी असा विचार करणारे फारच थोडे होते. १९९२ मध्ये फ्रँकलिनने टेम्पलटन विकत घेतली, तेव्हा देशांतर्गत कर्जरोख्यांतील अनुभव आणि जगभरच्या समभागांचा अभ्यास एका छत्राखाली आले. २०२० मध्ये लेग मेसन ही संस्थाही तिच्यात सामील झाली.

भारतात म्युच्युअल फंडांचे क्षेत्र १९६४ पासून दीर्घकाळ युनिट ट्रस्टकडे एकवटले होते. १९८७ नंतर सरकारी बँकांचे फंड आले आणि १९९३ मध्ये खासगी क्षेत्राला वाट मिळाली. त्या वर्षीचा पहिला खासगी फंड म्हणजे चेन्नईचा कोठारी पायोनियर. टेम्पलटन १९९६ मध्ये भारतात आली आणि २००२ मध्ये कोठारी पायोनियरचीच उत्तराधिकारी असलेली पायोनियर आयटीआय तिने घेतली. भारतीय फंडांचा कारभार मुंबईहून चालू राहिला. जगभरच्या फंडांना लागणाऱ्या सेवांसाठी मात्र हैदराबाद निवडले गेले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स हे माहिती तंत्रज्ञान संकुल उभे राहिले होते, शहराच्या पश्चिमेस सलग जमीन उपलब्ध होती आणि वाणिज्य व अभियांत्रिकीचे पदवीधर मोठ्या संख्येने मिळत होते.

अशा केंद्रात नेमके कोणते काम चालते हे समजण्यास फंडाची रचना पाहावी लागते. भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमांनुसार भारतीय फंड हा विश्वस्त निधी असतो. विश्वस्त युनिटधारकांचे, म्हणजे फंडातील हिस्सेदारांचे, हित पाहतात, व्यवस्थापन कंपनी गुंतवणुकीचे निर्णय घेते, अभिरक्षक बँक रोखे प्रत्यक्ष सांभाळते आणि निबंधक कोणाकडे किती युनिटे आहेत याची नोंद ठेवतो. युनिटधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या देशातील दोन प्रमुख संस्थांपैकी केफिन टेक्नॉलॉजीज ही हैदराबादचीच आहे. रोज बाजार बंद झाल्यावर फंडातील प्रत्येक रोख्याची किंमत काढून, देणी वजा करून, उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की निव्वळ मालमत्ता मूल्य मिळते. न्यूयॉर्कचा बाजार बंद होतो तेव्हा हैदराबादेत उन्हाळ्यात रात्रीचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. म्हणून अमेरिकेत रात्र होत असताना करावयाची जुळवणी येथील सकाळच्या पाळीत करता येते. मालकीची शाबिती या नोंदींवरच अवलंबून असते, म्हणून हिशेब हे या व्यवसायातील दुय्यम काम मानणे चुकीचे ठरेल.

या रचनेची कठोर परीक्षा २०२० मध्ये झाली. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातील सहा कर्जरोखे योजना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांत सुमारे २५ हजार कोटी रुपये होते. कमी पतमानांकनाच्या कंपन्यांचे रोखे अधिक व्याजासाठी घेतलेले होते, टाळेबंदीमुळे त्यांना ग्राहक उरला नव्हता आणि पैसे परत मागणाऱ्यांची संख्या वाढत होती. युनिटधारकांची संमती घेतल्याविना योजना गुंडाळता येणार नाहीत असे कर्नाटक उच्च न्यायालयाने ठरवले, डिसेंबर २०२० मध्ये ई-मतदान झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताच्या संमतीची गरज मान्य करून रोख्यांची विक्री व रकमेचे वाटप एसबीआयच्या फंड कंपनीकडे सोपवले. वाटप पूर्ण होण्यास काळ गेला, तरी योजना बंद झाल्या त्या दिवशीच्या मूल्याइतकी, किंबहुना त्याहून अधिक, रक्कम युनिटधारकांच्या हाती आली.

पामरच्या ठेवीदारांना आणि या युनिटधारकांना संकट एकाच कारणाने ग्रासले: अधिक परताव्यासाठी दिलेला पैसा मागताक्षणी परत येत नाही. फरक पडला तो व्यवस्थेमुळे. रोखे कारभाऱ्याच्या मालमत्तेत मिसळलेले नव्हते, प्रत्येकाचा हिस्सा नोंदलेला होता, आणि मालकाला विचारल्यावाचून निर्णय पुरा होणार नाही हे न्यायालयाने बजावले. नियमांनी जोखीम नाहीशी होत नाही. परंतु जोखीम कोणाची, हिस्सा किती आणि शेवटचा शब्द कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी असली तर सामान्य बचतदार संकटातही मालक राहतो. निधी-व्यवस्थापनाच्या व्यवसायाची समाजाला असलेली खरी उपयुक्तता या तीन उत्तरांच्या नेमकेपणावरून जोखली पाहिजे.