पेंटरांच्या गावातला फोटो

‘पेंटर’ हे बिरुद आडनावासारखे मिरवावे, ही गोष्ट कोल्हापुरातच शोभते. बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे असे रंगविले, की लोक त्यांचे मूळ आडनाव विसरून गेले. पुढे दोघे सिनेमाचा कॅमेरा स्वतःच घडवू लागले. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी तो तडीस नेला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कुंचला आणि यंत्र यांचे या गावात कधी वाकडे आले नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

फोटोचेही तसेच झाले. दागेरने १८३९ साली पॅरिसमध्ये आपली किमया जगापुढे मांडली खरी, पण तिच्यात रंग नव्हता. आपल्या लोकांना काळापांढरा माणूस अपुरा वाटे. मग स्टुडिओत फोटोग्राफरच्या जोडीला चित्रकार आला. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवून तो सुरकुत्या बुजवी, आणि छापलेल्या फोटोवर रंग चढवी. घरातला कर्ता माणूस गेला आणि त्याचा फोटो नसला, तर लग्नातल्या घोळक्यातून त्याचा नखाएवढा चेहरा हुडकून, त्यावर चौकटी आखून, हात-दीड हात मोठी तसबीर केली जाई. जन्मभर टोपी घातलेल्या माणसाला तसबिरीत जरीचा फेटा मिळे. यात फसवणूक होती असे मला वाटत नाही. घरच्यांची इच्छाच तशी असे.

आज हेच काम संगणक करतो. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या भावांचे ‘फोटोशॉप’ १९९० साली बाजारात आले. (पुन्हा भाऊच! आणि त्यांतला जॉन सिनेमाच्या चमत्कृतिदृश्यांच्या धंद्यातला.) १९९४ साली त्यात ‘लेयर’ आले. लेयर म्हणजे थर. नाटकात एका पडद्यामागे दुसरा टांगलेला असतो, तसे. पुढचा उचलला की मागचा जसाच्या तसा.

या थरांचे मोल मला आमच्या शाळेच्या शिपाईमामांच्या निवृत्तीच्या वेळी कळले. मामी आठ वर्षांपूर्वी गेल्या. दोघांचा एकत्र फोटो नाही. तेव्हा ओळखपत्रावरचा मामींचा चेहरा मामांशेजारी बसवून तो कपावर छापावा, असे ठरले. दुकानातल्या पोराने मामींची पार्श्वभूमी कापली, दोघांवरचा उजेड एका बाजूने आणला, आणि कपाळावरचा हिरवट ठिपका डाग समजून पुसून टाकला. मामी उजळून निघाल्या. सोबत आलेल्या आमच्या सेविकाबाई मात्र गप्प झाल्या. म्हणाल्या, “सर, ही मामी न्हवं. गोंदण कुठं गेलं तिचं?”

“अरे, ते परत येईल का?” मी विचारले.

“येईल की सर. खालच्या लेयरला हाय.”

एक बटण दाबताच गोंदण आले. जुन्या रंगाऱ्याने तसबिरीत एकदा रंगाखाली बुजवले, की ते कायमचे गेले असते.

पुढचे काम यंत्राचे. चित्र खास शाईने कागदावर उलटे छापायचे, लेप दिलेल्या कपाला घट्ट गुंडाळायचे, आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही मिनिटे दाबून धरायचे. शाईची पातळ न होताच वाफ होते आणि ती लेपात मुरते. साध्या कपावर हा रंग धरत नाही.

कप पुसून हातात देताना मी त्या पोराला म्हटले, “जुने पेंटर तसबिरीच्या कोपऱ्यात सही करायचे. तू का करत नाहीस?” तो हसला आणि त्याने कप उलटा करून दाखवला. बुडाला दुकानाचा मोबाइल नंबर होता.