मैंदर्गीहून शहरात जाताय? मुलांसाठी महापालिकेची शाळा अशी निवडा

अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या मैंदर्गीतून कामधंद्यासाठी सोलापूर, पुणे, मुंबई गाठणारी घरं दरवर्षी असतात. भाड्याची खोली बघताना डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, मशीद किती लांब, हे सगळं बारकाईने विचारलं जातं. शाळेचा विषय मात्र सामान उतरवून झाल्यावर निघतो. मग शेजारची खाला जे नाव सांगेल तिथे मुलांना घालून मोकळं व्हायचं.

आमच्या वर्गात एक मुलगी तिसरीला असताना उर्दूचं पुस्तक न अडखळता वाचायची. घरचे शहरात गेले आणि बोर्डावर इंग्रजी बघून तिला एका शाळेत घातलं. पुढच्या वर्षी ईदला भेटली तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि उर्दूही निम्मी विसरली होती. आईबापांची नियत चांगलीच होती, फक्त शाळा बघायची कशी हे कुणी सांगितलं नव्हतं. शहरात नव्याने जाणाऱ्या आणि खासगी शाळेची फी न झेपणाऱ्या घरांसाठी म्हणून हे लिहितो आहोत.

आधी माध्यम, मग शाळा

मैंदर्गीच्या मुलाची गोष्ट जरा वेगळी आहे. घरात दखनी, बाजारात कन्नड, कचेरीत मराठी. तिन्ही भाषा कानावर असतात, पण लिहिता-वाचता येते ती शाळेतली एकच. शहरातही तीच भाषा मिळते का, हे पहिल्यांदा बघा. सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या आहेत. पुणे महापालिकेकडे मराठी, उर्दू, इंग्रजी आणि कन्नड शाळा आहेत. मुंबई महापालिका तर आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. म्हणजे गावात कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलालाही एकदम दुसऱ्या भाषेत ढकलायची गरज नसते, शोध मात्र घ्यावा लागतो.

मुंबईत 2020-21 पासून महापालिकेने सीबीएसईच्या शाळाही सुरू केल्या. पहिली जोगेश्वरीच्या पूनम नगरात झाली. फी नाही, त्यामुळे अर्ज जागांपेक्षा जास्त येतात आणि सोडत काढली जाते. नंबर लागला तर चांगलंच. नाही लागला म्हणून वर्ष वाया घालवू नका, नेहमीच्या पालिका शाळेत नाव घालून ठेवा.

आता उर्दू की मराठी की इंग्रजी, हा आपल्या घरांतला जुना वाद. आमचं मत स्पष्ट सांगतो. पहिली-दुसरीत मूल ज्या भाषेत घरी बोलतं त्याच्या जवळची भाषा असली तर वाचन लवकर येतं. म्हणून उर्दू शाळा जवळ असेल तर आम्ही तीच सुचवतो. पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय नाही. पहिली, या शाळेत मराठी आणि इंग्रजीचे तास खरंच होतात का, कोण घेतं? 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पण वेळापत्रकात असणं आणि वर्गात होणं यात फरक असतो. मुलांच्या मराठीच्या वह्या बघा, कळून जाईल. दुसरी गोष्ट, ही शाळा कितवीपर्यंत आहे?

हा दुसरा प्रश्न फार कमी पालक विचारतात. पालिकेच्या कितीतरी शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीलाच संपतात. पुढची उर्दू शाळा दोन बस बदलून असेल तर मुलगा कसाबसा जातो, मुलीची शाळा सुटते. आम्ही हे इतक्यांदा बघितलं आहे की आता पहिलीच्या प्रवेशालाच पालकांना आठवी-नववीचं विचारतो. पुढे त्या माध्यमाची हायस्कूल पोहोचण्यासारखी नसेल तर सुरुवातीपासून मराठी माध्यम किंवा सेमी इंग्रजीचा विचार करा आणि उर्दू घरी किंवा मकतबमध्ये शिकवा. मधेच, तिसरी-चौथीत, माध्यम बदलणं सगळ्यात महाग पडतं. बदलायचंच तर पहिलीला बदला, नाही तर पाचवी-सहावीला, मुलाला एक भाषा पक्की आल्यावर.

शाळेच्या वेळेत जाऊन बघा

इमारत रंगवलेली आहे, बाहेर मोठा बॅनर आहे, यावरून काही ठरवू नका. शाळा चालू असताना जा. सकाळ-दुपार अशी दोन सत्रं असतील तर ज्या सत्रात आपलं मूल बसणार त्याच सत्रात जा. बऱ्याच शाळांत फळ्यावर ‘पट’ आणि ‘हजर’ असे दोन आकडे रोज लिहितात. पट चाळीस आणि हजर बावीस असेल तर विचारा की बाकीची मुलं कुठे आहेत. सणाच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर तो आकडा धरू नका.

मग मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिसरीतल्या एखाद्या मुलाला त्याच्या पुस्तकातला मधला एखादा धडा वाचायला सांगा. पहिला धडा नको, तो पाठ असतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच हे आहे की तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत. तिसरीतली दोन-तीन मुलं नीट वाचत असतील तर त्या शाळेत शिकवणं होतं. अम्मीला किंवा अब्बांना स्वतःला वाचता येत नसेल तरी मूल अडखळतंय की वाचतंय हे कानाला कळतंच.

शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, साठच्या वर नव्वदपर्यंत तीन, एकशे वीसपर्यंत चार लागतात. कागदावर असलेले शिक्षक वर्गात आहेत का, तेही बघा. निवडणूक आणि जनगणनेची कामं आम्हा शिक्षकांकडेच येतात. कायद्यानेच तशी मुभा आहे, त्यामुळे त्यावरून शाळेला दोष देता येत नाही. पण एका शिक्षिकेकडे तीन वर्ग महिनोन्महिने असतील तर विचार करा.

मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, आत पाणी आहे का, हे आईने जाऊन बघावं. शहरात मोठी झालेली मुलगी शाळा का टाळते, त्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. दुपारचं जेवण पहिली ते आठवीपर्यंत मिळतं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, पुढच्या वर्गांना 150 ग्रॅम. जेवणाच्या सुट्टीत गेलात तर चवही कळेल.

घरी बसूनही थोडं बघता येतं. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यांची माहिती निघते. ती शाळेनेच भरलेली असते, म्हणून डोळ्यांनी बघणं चुकवू नका.

मकतबची वेळ आधीच जुळवून घ्या. सकाळच्या सत्राची शाळा आणि फजरनंतरचा मकतब यात मुलाची ओढाताण होते, आणि अशा मुलाला पहिल्या तासाला झोप येते. उर्दू शाळांत शुक्रवारी आणि रमजानमध्ये वेळ बहुधा वेगळी असते, तीही विचारा.

‘आधी दाखला आणा’ म्हणाले तर

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला शहरातल्या एका शाळेने दाखल्यासाठी दीड महिना दारातून परत पाठवलं. वडील रोजंदारीवर, गावी यायचं तर दोन दिवसांची मजुरी जाते. त्या दीड महिन्यात मुलगा एका गॅरेजवर बसायला लागला. त्याला तिथून परत शाळेत आणताना काय झालं ते आम्हालाच माहीत.

असं व्हायला नको होतं. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून सरकारी किंवा पालिका शाळेने प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला द्यायला उशीर केला तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद, तीही नसेल तर पालकांचं लेखी निवेदन चालतं. कलम 13 नुसार मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेऊन निवड करता येत नाही. आणि कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. शहरात ते प्राधिकरण म्हणजे महापालिकाच. वर्षाच्या मधे गेलात तरी प्रवेश मिळतो. जुनं मूल, शाळा सुटलेलं, त्यालाही वयानुसार वर्गात घेऊन मागचा अभ्यास भरून द्यायचा असतो.

भांडू नका, कलमाचा आकडा शांतपणे सांगा. तरी नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि अर्जाची एक प्रत पालिकेच्या शिक्षण विभागातल्या प्रशासन अधिकाऱ्यांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. बहुतेक वेळा ‘लेखी द्या’ म्हटल्यावरच काम होतं.

तरीसुद्धा निघण्याआधी मैंदर्गीतल्या शाळेत जाऊन दाखला घेणं केव्हाही बरं. जुन्या शाळेने ऑनलाइन नाव सोडल्याशिवाय नवीन शाळेत ते चढत नाही, आणि मूल दोन्हीकडच्या यादीत लटकत राहतं. दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. आपल्या नावांची गडबड फार होते: आधारवर महंमद, जन्मदाखल्यावर मोहम्मद, शाळेत मो., आडनाव कुठे शेख कुठे गावाचं. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. दहावीनंतर पासपोर्टच्या वेळी तीच दुरुस्ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लावते.

पैशांचं थोडं. पालिका शाळेत फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. मुंबईत पालिकेकडून दप्तर, गणवेश, बूट अशा वस्तूही मिळतात. अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीबद्दल अजून खूप पालक विचारतात. ती 2022-23 पासून केंद्राने पहिली ते आठवीसाठी बंद केली. त्यामुळे पहिलीचा फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रवेश झाल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते ते विचारून ठेवा. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. आपल्या मोहल्ल्यातल्या आया या समितीत फारशा दिसत नाहीत. मागच्या वर्षीचा विद्यार्थी पाचवीच्या वार्षिक परीक्षेत मागे पडला होता, हे आईला निकालाच्या दिवशी कळलं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला ही परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा आणि तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात राहावं लागतं. म्हणून पाचवीत मूल असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा तरी वर्गशिक्षकांना भेटून या.