नांगर, पोस्टमन आणि वाचक

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी लागते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर कारखाना उभा केला. तेव्हा हा भाग औंध संस्थानात होता. कारखान्यात लोखंडी नांगर तयार व्हायचे. आम्हा सांगलीकरांना एवढा इतिहास साधारण माहीत असतो. पण याच कारखान्यातून मराठीतलं एक मोठं मासिक निघालं, हे माझ्या वयाच्या अनेकांना सांगावं लागतं.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. कारखान्याच्या जाहिराती त्यांच्याकडे होत्या. 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. काम साधं होतं: कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची. आजच्या भाषेत हे कंपनीचं न्यूजलेटर!

आता गंमत बघा. कारखान्याची जाहिरात महिन्यामागून महिना कोण वाचणार? वाचायला काहीतरी हवंच. हळूहळू ‘खबर’मध्ये उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय आले, पुढे नावातली ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडं निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’मध्ये आले, त्यांवरून वाद झडले. जवळ शहर नाही, विद्यापीठ नाही, अशा वाडीतून निघालेली मासिकं घराघरांत भांडणं लावत होती. चांगल्या अर्थानं!

हे जमलं कशामुळे? संपादकाची दृष्टी होतीच, पण मला त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पत्ता. टपालानं अंक पाठवायचा तर वाचकाचं नाव, गाव, तालुका लिहून ठेवावा लागतो. वर्गणी संपली की त्याला आठवण करावी लागते. आणि वाचकाकडेही मासिकाचा पत्ता असतो, त्यामुळे पटलं नाही तर तो पोस्टकार्ड टाकू शकतो. पोस्टमन दोन्ही दिशांनी चालतो.

आज पुस्तक पोचवणं कधी नव्हे इतकं सोपं झालंय. वाईचा मराठी विश्वकोशच घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं, 1976 मध्ये पहिला खंड आला आणि वीस खंड पुरे व्हायला पुढची जवळपास चार दशकं गेली. ते जाडजूड खंड घरात ठेवायला अख्खं कपाट लागेल. आज तोच मजकूर तुमच्या फोनवर फुकट उघडतो. किंडलवर 2016च्या अखेरीस मराठी पुस्तकं रीतसर आली, स्टोरीटेलनं 2017 मध्ये भारतात येताना मराठीही आणली. एसटीत उभ्यानं प्रवास करतानाही कादंबरी ऐकता येते.

मग अडचण कुठे आहे? पत्त्यातच. ॲपवर पुस्तक घेतलं की तुमचं नाव, तुम्ही कुठल्या पानावर थांबलात, रात्री किती वाजता वाचता, हे सगळं ॲपवाल्या कंपनीला कळतं. प्रकाशकाच्या हाती बहुतेक वेळा विक्रीचा आकडा आणि हिशेब येतो. फेसबुकवर त्याचे हजारो फॉलोअर असले, तरी नव्या पुस्तकाची पोस्ट त्यातल्या कोणाला दिसावी हे फेसबुक ठरवतं. शंकररावांची वही त्यांच्या टेबलावर होती. आजच्या प्रकाशकाची वही दुसऱ्याच्या तिजोरीत आहे.

ग्रंथालयांकडे मात्र ही वही अजून आहे. सभासदाचं नाव, पत्ता, फोन, त्यानं नेलेली पुस्तकं. तिचं मोल आम्हाला ऑगस्ट 2019 मध्ये नीट कळायला हवं होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली, पाणी शहरात शिरलं. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली. भिजलेला जुना कागद एकमेकांना चिकटतो, बुरशी धरतो. दुर्मिळ प्रत गेली की गेलीच. त्यानंतर ‘डिजिटायझेशन’ हा शब्द आमच्याकडे चैनीचा राहायला नको. पुराच्या पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या वाचनालयानं दुर्मिळ पुस्तकं आधी स्कॅन करावीत, असं माझं ठाम मत आहे.

पण नुसतं स्कॅन करून भागणार नाही. जी फाइल कोणी उघडत नाही, ती कोरडी असली तरी बुडालेलीच. सातारा जिल्ह्यातल्या भिलारनं याबाबत एक धडा दिलाय. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत, तर भिलारला पुस्तकं लोकांच्या घरांत मांडली. तुम्ही ओसरीवर बसून फुकट वाचता, आणि पुस्तकामागे घरातलं कोणीतरी माणूस असतं. वाचकाकडे बघणारा माणूस, एवढंच त्यातलं तंत्रज्ञान!

आपल्या वाचनालयांना हे फोनवर करता येईल. त्याला मोठं ॲप नको. ग्रंथपालानं दर शनिवारी पाच नव्या पुस्तकांचे फोटो सभासदांना व्हॉट्सॲपवर पाठवावेत. कोणी ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हटलं तर ठेवावं. प्रकाशकानं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असा ईमेल द्यावा, ज्याला खरंच उत्तर येतं. आणि आपण? आपण वाचनालयात नाव नोंदवावं, आवडलं-नावडलं कळवावं. पोस्टकार्ड टाकणारा वाचक नसता तर ‘खबर’ जाहिरातच राहिली असती.

मराठीत ‘वाचणं’ या एकाच शब्दात पुस्तक उघडणंही आहे आणि जीव तगणंही. कपाटातलं पुस्तक पुरात सापडतं. कोणीतरी घरी नेलेलं, कोणाला तरी पाठवलेलं, ज्याच्याबद्दल दोघं भांडलेत असं पुस्तक वाचतं.